वाचक विचारतात : मंडळीचे उन्हाळी शिबिर

एप्रिल उजाडला की इंदूर, महू, देवास भागातल्या वाचकांची पत्रे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवा शिबिरांकडे वळतात. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वक्ता कोण, विषय काय, बोधवचन कोणते हे शिबिराच्या पत्रकात छापलेले असतेच. आमचा भर पत्रकात न छापलेल्या गोष्टींवर आहे.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. मंडळीच्या तरुण संघाचे पाच दिवसांचे शिबिर मे महिन्यात पचमढीला आहे. ती पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) ओळखीचे आहेत, त्यामुळे फार चौकशी केली तर अविश्वास दाखवल्यासारखे होईल असे सासूबाईंचे म्हणणे. काय विचारावे? — एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : विचारा, आणि पैसे भरण्याआधी विचारा. पाळकसाहेब कितीही ओळखीचे असले तरी रात्री दोन वाजता मुलींच्या खोलीपाशी ते नसणार. तिथे कोण असेल, हाच पहिला प्रश्न. मुलींच्या प्रत्येक खोलीत दोन प्रौढ स्त्रिया झोपायला हव्यात, आणि त्या एकमेकींच्या नात्यातल्या नसाव्यात. ‘लीडर’ म्हणून येणारी एकोणीस-वीस वर्षांची मुले-मुली खेळ उत्तम घेतात, गाणी उत्तम बसवतात. पण रात्रीची जबाबदारी फक्त त्यांच्यावर सोडली असेल तर ती व्यवस्था म्हणता येणार नाही. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जावे लागते, तिथे रात्रभर दिवा असतो का, रात्री पोटात दुखले तर नेमके कोणाला उठवायचे, हे मुलींना पहिल्याच संध्याकाळी दाखवतात का, हेही विचारा.

बंद दाराआड एक मोठा माणूस आणि एक मूल, असे कधीच होता कामा नये. वैयक्तिक प्रार्थना आणि समुपदेशनही याला अपवाद नाही. ते व्हरांड्यात, चारचौघांच्या नजरेसमोर, बोलणे ऐकू जाणार नाही एवढे अंतर ठेवून करता येते. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि गैरप्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हाच आहे. मंडळीची अब्रू हे कारण तिथे चालत नाही. ‘आपल्यात असे काही होत नाही’ एवढेच कोणी म्हणाले, तर उत्तर मिळाले नाही असे समजा आणि पुन्हा विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मुलीला पाठ असू द्या.

प्रवासाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. इंदूरहून जबलपूरकडे जाणारी रात्रीची गाडी पिपरियाला अपरात्री पोचते, आणि तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर, त्यात घाट. झोपेतून उठवलेली पन्नास मुले फलाटावर उतरवायची, मोजायची आणि अंधारात घाट चढायचा, हा बेत आम्हाला पसंत नाही. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबून मग निघणे बरे. चालकाचीही झोप झालेली असते. डब्यात चढताना, उतरताना आणि बसमध्ये बसल्यावर अशी तीनदा मोजणी नावे घेऊन व्हावी, नुसती डोकी मोजून नाही. मुलीला गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी बस सुटण्याआधी अर्धा-एक तास द्यायला सांगा. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

पचमढी १,०६७ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मे महिन्यातही इंदूरपेक्षा बरी हवा असते. धोका उन्हापेक्षा पाण्याचा. बी फॉल, अप्सरा विहार या धबधब्यांपाशी दगड शेवाळाने निसरडे असतात आणि डोहाची खोली वरून कळत नाही. ‘पाण्यात उतरणार का?’ याला ‘नाही’ हेच योग्य उत्तर. ‘पोहता येणाऱ्यांनाच उतरू देतो’ हे योग्य नाही, कारण एक उतरला की बाकीचे मागे जातात. शेवटचे : रात्री शिबिराच्या आवारात चालकासह एक गाडी उभी असते का? गंभीर आजारात पिपरियाला किंवा त्याही पुढे नर्मदापुरमला न्यावे लागते, आणि रात्री बारानंतर गाडी शोधण्यात तास जातो.

अर्जात मुलीचे वजन विचारलेले नसेल तर स्वतः लिहून द्या. तापावरच्या पॅरासिटॅमॉलचे प्रमाण वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. ३० किलोच्या मुलाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम पुरतात. मोठ्यांची ६५० ची गोळी सरसकट सगळ्यांना वाटणे चूक. रक्तगट, ॲलर्जी आणि दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे की नाही, हेही लिहा.

प्रश्न : मागच्या वर्षी मुलाने दुसऱ्या दिवशी फोन करून रडून गोंधळ घातला आणि आम्ही त्याला घेऊन आलो. यंदा तो पुन्हा जायचे म्हणतो. पाठवावे का? — महू

उत्तर : पाठवा. घरची आठवण पहिल्या दोन रात्रींत सर्वांत जास्त येते, आणि तीही संध्याकाळी जेवणानंतर किंवा अंथरुणावर पडल्यावर. दिवसा खेळात ती मागे पडते. म्हणून संध्याकाळी सातनंतर फोन लावू नका. आईचा आवाज ऐकला की बरे वाटण्याऐवजी बांध फुटतो. बोलायचेच असेल तर दुपारी, जेवणाआधी, पाच मिनिटे. आणि त्याला ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असे म्हणू नका, दिवसभरात काय केले ते विचारा.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘आवडले नाही तर आम्ही लगेच न्यायला येऊ’. धीर द्यायला म्हणून बोललेले असते, पण मूल पहिल्या दिवसापासून आवडत नसल्याची कारणे शोधू लागते. त्याऐवजी शिबिराआधी दोन-तीन वेळा आत्याकडे किंवा मावशीकडे तुमच्याशिवाय रात्र काढू द्या. फोन आयोजकांनी पाकिटात नाव घालून ठेवून घेणे चांगलेच, मात्र पालकांना रात्री नऊच्या सुमारास ‘सर्व जण जेवले, अमुक दोघांच्या पालकांना वेगळा फोन केला आहे’ असा एक संदेश रोज गेलाच पाहिजे. तो चुकला की पन्नास घरांतून फोन सुरू होतात. खाणे-पिणे सुटले, किंवा तिसऱ्या दिवशीही रडणे थांबले नाही, तर मात्र घेऊन या. आणि घरी आल्यावर तो विषय थट्टेचा करू नका.

प्रश्न : आम्ही शहरातल्याच एका शाळेच्या इमारतीत पाच दिवसांचे निवासी शिबिर घेतो आहोत. ६० मुले, १२ मोठी माणसे. पाणी आणि जेवणाचा अंदाज हवा. गेल्या खेपेला तिसऱ्या दिवशी अकरा मुलांची पोटे बिघडली. — तरुण संघाचे कार्यकर्ते, इंदूर

उत्तर : आधी पाणी. मे महिन्यात पिण्याचे पाणी माणशी ४ लिटर धरा. ७२ जणांना २८८ लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार रोज. अंघोळ, स्वच्छतागृह आणि भांडी मिळून माणशी आणखी ४०-५० लिटर, म्हणजे रोजचे तीन ते साडेतीन हजार लिटर. शाळेची टाकी दिवसा वापरासाठी बांधलेली असते, आणि इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. पहिल्या दिवशी सगळे छान चालते, दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी कोरडी पडते, मग मुले हात धुणे टाळतात आणि तिसऱ्या दिवशी पोटे बिघडतात. तुमच्याकडे तिसराच दिवस का होता, याचे एक उत्तर बहुधा इथे आहे. टाकीची क्षमता आणि पाण्याचा वार आधीच विचारून ठेवा, आणि टँकर दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा. टाकी रिकामी झाल्यावर फोन करू नका.

दुसरे कारण बर्फ. सरबतासाठी आणलेली बर्फाची लादी बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याची नसते आणि पोत्यात गुंडाळून येते. पेयात बर्फ घालायचाच नाही. भांडे बाहेरून बर्फात ठेवा. तिसरे कारण रात्रीचा भात. शिजलेला भात उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणे घरी एखाद्या वेळी खपते, ७२ जणांत खपत नाही. उरला तर टाका. वाईट वाटून घेऊ नका.

कोरडा शिधा असा : नाश्त्याला पोहे माणशी ७० ग्रॅम, म्हणजे ५ किलो. तांदूळ एका जेवणाला ८० ग्रॅम, जवळपास ६ किलो. तूरडाळ ४० ग्रॅम, ३ किलो. भाजी निवडलेली १२५ ग्रॅम, ९ किलो. पोळ्या माणशी चार धरल्या तर २९० च्या आसपास. किलोभर कणकेत तीसेक होतात, म्हणजे साडेनऊ-दहा किलो पीठ. दोन बायका दोन तव्यांवर इतक्या पोळ्या करायला सव्वादोन-अडीच तास घेतात. आठला जेवण हवे तर साडेपाचला पीठ मळलेले हवे. पोळ्या दोन्ही वेळा ठेवू नका. एका रात्री खिचडी-कढी, एका रात्री पुलाव ठेवला की स्वयंपाकघरातली माणसे पाचव्या दिवसापर्यंत टिकतात.

पोह्यांबद्दल एक सूचना. पाच किलो पोहे एकाच घमेल्यात भिजवले की वरच्यांच्या वजनाने खालचे दबून गोळा होतो. किलो-किलोचे घाणे करून चाळणीत धुवा, निथळू द्या आणि मगच फोडणीत घाला. जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेव वेगळी ठेवा. इंदूरच्या मुलांना त्यावाचून पोहे चालत नाहीत हे खरे, पण बाहेरगावच्या पाहुण्या मुलांना तिखट झेपेलच असे नाही.

साबण दोन ठिकाणी हवा : स्वच्छतागृहातून बाहेर पडताना आणि जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी. दुसरा सहसा विसरतात. तिथे एक माणूस उभा करा. नुसती पाटी लावून मुले हात धूत नाहीत. ओआरएसची ४० पाकिटे ठेवा आणि एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. चमचाभर पूड पेल्यात टाकून देणारे भेटतात. दाट झालेल्या पाण्याने जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या. एका जेवणानंतर तिघांना उलट्या झाल्या की चौथ्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. १०८ ला फोन करायला संकोच नको. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून शीतकपाटात दोन दिवस ठेवण्याची सवय लावा, म्हणजे नेमके कशाने झाले हे शोधता येते.

वेळापत्रकात सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एकही मैदानी कार्यक्रम नको. खेळ पहाटे साडेपाच ते साडेनऊ, मग थेट सूर्य कलल्यावर. माळव्याच्या रात्रीचे कौतुक लोक ‘शब-ए-मालवा’ म्हणून करतात आणि ते खोटे नाही. त्यामुळे गच्चीवर झोपण्याचा मोह होतो. कठडा मोठ्यांच्या छातीपर्यंत असेल, जिन्याला दार असेल आणि दाराशी दोन मोठी माणसे झोपत असतील तरच. नाहीतर खालचा व्हरांडा बरा.

प्रश्न : मुलाला दमा आहे. शिवाय अकरा वर्षांचा असूनही कधीतरी अंथरूण ओले होते. हे आयोजकांना सांगावे की नको? — देवास

उत्तर : दोन्ही सांगा, पण वेगवेगळ्या पद्धतीने. दमा सगळ्या मोठ्यांना माहीत हवा. इनहेलर आणि स्पेसर मुलाच्या कमरेच्या पाउचमध्ये राहू द्या. ‘सगळी औषधे कार्यालयात जमा’ हा नियम इथे घातक आहे, कारण रात्री कार्यालयाला कुलूप असते. एक जादा इनहेलर त्याच्या खोलीतल्या मोठ्या माणसाकडे द्या आणि तो कसा द्यायचा ते कागदावर लिहून द्या. शेकोटीच्या वेळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला त्याला बसवा, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. जुन्या गाद्यांची धूळ त्रास देते, म्हणून स्वतःची चादर आणि उशीचा अभ्रा पाठवा.

अंथरुणाचे मात्र एकाच माणसाला सांगा, आणि कोणाला सांगितले ते मुलालाही सांगा. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी. पण दिवसभर भरपूर, कारण दिवसा पाणी तोडले तर उन्हाचा त्रास होईल. झोपण्याआधी दोनदा लघवीला जाणे, गडद रंगाची चादर, खाली रबरी शीट, एका पिशवीत जादा चड्डी-पायजमा. त्या माणसाने त्याला इतरांच्या पंधरा-वीस मिनिटे आधी उठवावे. एवढ्याने बहुतेक वेळा निभावते.

प्रश्न : आमच्या मुलांचे शेजारचे दोन मित्र हिंदू घरातले आहेत. त्यांनाही शिबिराला यायचे आहे, त्यांच्या आईवडिलांची ना नाही. घेऊन जावे का? — विजयनगर, इंदूर

उत्तर : तोंडी ‘ना नाही’ पुरेसे नाही. मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ नुसार प्रलोभन, फसवणूक किंवा दबावाने धर्मांतर करणे गुन्हा आहे, आणि व्यक्ती अल्पवयीन असेल तर शिक्षा २ ते १० वर्षांपर्यंत आहे. प्रलोभनात भेटवस्तूही येते. तेव्हा आईवडील दोघांच्या सहीचे पत्र घ्या, आणि त्यात शिबिरात प्रार्थना, बायबलपाठ आणि भक्तिगीते असतील हे स्वच्छ लिहिलेले असू द्या. ‘खेळांचे शिबिर’ असे गोलमोल लिहू नका. ते पुढे फसवणूक ठरू शकते. शुल्क इतरांइतकेच घ्या, सवलत देऊ नका. समर्पणाच्या (येशूला जीवन अर्पण करण्याच्या) प्रार्थनेत त्यांना पुढे बोलावू नका.

जागा शहरातच असेल आणि रात्री घरी परतायचे असेल तर हे सगळे सोपे जाते. रेल्वेने बाहेरगावी न्यायचे असेल तर आम्ही आयोजकांच्या जागी असतो तर यंदा टाळले असते. इतर मुलांसाठीसुद्धा संमतीपत्रे, आधारच्या प्रती, पालकांच्या क्रमांकांसह यादी आणि शिबिरस्थानाचे पत्र, यांचे दोन संच दोन वेगवेगळ्या माणसांच्या पिशवीत ठेवा. फलाटावर कोणी धर्मांतराच्या संशयाने चौकशी केली तर वाद न घालता यादी पुढे करावी आणि पालकाशी फोन जोडून द्यावा.

प्रश्न : घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी. शिबिर कोणत्या भाषेत घ्यावे यावर आमच्या समितीत दरवर्षी भांडण होते. — जुनी इंदूर

उत्तर : पाठ हिंदीत, गटचर्चा मुलांच्या सोयीने, आणि गाण्यांत निम्मी मराठी. इंदुरातल्या मुलांना देवनागरी वाचता येते, ही जमेची बाजू. मराठी गीत रोमन लिपीत छापू नका, उच्चार बिघडतात. पाच दिवसांत चारच मराठी गाणी घ्या, पण तीच रोज घ्या. चार्ट पेपरवर दोन इंच उंचीची अक्षरे, एका कागदावर एकच कडवे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. गाणाऱ्या ताईंच्या सुरात ते गप्प बसतात आणि आपण समजतो की त्यांना मराठी नको. सूर खाली घेऊन बघा. एका सकाळची प्रार्थना मंडळीतल्या आजी-आजोबांकडे मराठीत द्या. दहा मिनिटांत आटोपण्याची ताकीद त्यांना आधीच द्यावी.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. शेकोटीच्या रात्री हात वर करून आला की मी सेवाकार्यात (चर्चच्या कामात) जाणार, अभियांत्रिकीची शिकवणी बंद. समजावावे कसे? — राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : समजावू नका, विचारा. नेमके काय विचारले होते तेव्हा त्याने हात वर केला? ‘ज्यांना देवावर प्रेम आहे त्यांनी हात वर करा’ आणि ‘ज्यांना पाळक व्हायचे आहे त्यांनी’ यांत पुष्कळ अंतर आहे, आणि शेकोटीजवळ ते पुसट होते. शेवटची रात्र, चार रात्रींची अपुरी झोप, मंद गाणी, रडणारे मित्र. त्यात घेतलेला निर्णय खोटा नसतो, पण पिकलेलाही नसतो.

हसू नका, आणि लगेच रविवारी त्याला साक्ष द्यायलाही उभे करू नका. एकदा मंडळीसमोर बोलला की मन बदलले तरी त्याला मागे फिरता येत नाही. शिकवणीबाबत सरळ उत्तर आहे : सेरामपूर विद्यापीठाच्या बी.टी.एच.ला (पाळक होण्यासाठीच्या धर्मशास्त्राच्या पदवीला) प्रवेश घ्यायलाही बारावी लागतेच. तेव्हा बारावीपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत. दरम्यान त्याला महिन्यातून दोन रविवार पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीला जाऊ द्या. सेवाकार्य बहुतांशी तेच असते, शेकोटी वर्षातून एकदा.

आयोजकांनाही एक सांगणे. समर्पणाची सभा संध्याकाळी साडेसात ते साडेआठ घ्या, मध्यरात्री नको. रांगेने पुढे बोलावू नका. कोरी चिठ्ठी द्या, ज्याला लिहायचे तो लिहील. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची पाळकांनी पंधरा दिवसांत, पालकांना कळवून, भेट घ्यावी. ही भेट जमणार नसेल तर चिठ्ठ्या वाटूच नयेत.

प्रश्न : सामानात काय द्यावे? यादी दोन पानी आली आहे. — स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : मुलाला स्वतः उचलून जिना चढता येईल अशी एकच पिशवी. सुती कपड्यांचे चार जोड, झोपायचे दोन, टोपी, दोन टॉवेल, झाकणाची लिटरभराची बाटली, विजेरी, डासांचे मलम, बायबल, वही. प्रत्येक वस्तूवर नाव, चड्डी-बनियनवरसुद्धा. दोरीवर वाळणारी वीस पांढरी बनियने ओळखायची कोणी? पचमढीला जाणार असेल तर खाऊ पातळ पिशवीत हातात देऊ नका, माकडे हिसकावतात. घट्ट डबा आत ठेवा. शिबिरासाठी म्हणून नवे बूट घेऊ नका. घेतलेच असतील तर दोन आठवडे आधीपासून रोज घालायला लावा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी टाचांना फोड येतात.